फडकं बांधलेलं घोसाळं

मुरुड,
कार्तिक वद्य दशमी, १९६२

ती. सौ. मामी यांच्या पायांवर मुरुडच्या तुळशीरामाचं डोकं. (तूर्त कागदावरच ठेवतो आहे. प्रत्यक्ष येऊन ठेवायची सध्या हिंमत नाही, कारण पुढे कळेल.) तुमचे गुडघे कसे आहेत? हळदीच्या लेपानं उतार पडल्याचं मागच्या पत्रात वाचलं, बरं वाटलं. मामांचा खोकला, तांबडीचं वासरू आणि ओटीची ती मोडकी पायरी, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. त्यातल्या त्यात तुमची लेक केसर फारच खुशाल आहे, कारण गेला सव्वा महिना तिला एकाही भांड्याला हात लावावा लागलेला नाही. तो का लावावा लागलेला नाही, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. मात्र पत्र तुमचं तुम्हीच वाचावं, मामांच्या हाती देऊ नये. ते ओटीवर बसून पत्र मोठ्यानं वाचतात, आणि मग बोर्ली पंचतनाच्या बाजारात आमच्या घरचं बोलणं मिरचीच्या भावाआधी पोचतं.

तुम्हाला माहीत आहेच, आमच्या खाणावळीत भांडी घासायची एक रीत केसरनं आल्या दिवसापासून घालून दिली आहे. पितळेला चिंच, तव्याला राख आणि नारळाचं सोडण, आणि काचेच्या पेल्यांना घोसाळ्याची जाळी. ही जाळी म्हणजे तुमच्याच घरची. पाच वर्षांपूर्वी पाठवणीच्या वेळी तुम्ही तिच्या पदराला घोसाळ्याच्या बिया बांधून दिल्यात, त्यांचा वेल आमच्या मागच्या अंगणात भांडी घासायच्या दगडावरच्या मांडवावर दरसाल चढतो. सगळी घोसाळी भज्यांत जातात, एक तेवढं वेलावर जून होऊ देतात, ते वाळलं की आतल्या जाळीनं वर्षभर पेले निघतात आणि बी पुढच्या मृगाला. त्या एका घोसाळ्याला केसर देठाशी तांबडं फडकं बांधते. फडकं का बांधतात, हे मी पाच वर्षांत कधी विचारलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधत असतील अशी माझी समजूत होती. मामी, या समजुतीनंच माझा घात केला.

कोजागिरीच्या आठवड्यात केसर तळा गावाला बारशाला गेली, तीन दिवसांसाठी. ती गेली त्याच दुपारच्या एसटीनं मुंबईचे दिनानाथ नावाचे एक फिरते विक्रेते आमच्याकडे उतरले. पातळ मिशा, चकचकीत बूट, आणि पेटीत तऱ्हेतऱ्हेचा माल. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुवायच्या जागी आमचं सोडण पाहिलं आणि असा चेहरा केला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग पेटीतून त्यांनी तीन चौकोनी वड्या काढल्या, एक गुलाबी, एक हिरवी, एक पिवळी. म्हणाले, हा स्पंज. कारखान्यात बनतो, कुजत नाही, झिजत नाही, साऱ्या मुंबईत आता हाच. दाबला की बसतो, सोडला की फुगतो. मी अर्धा तास दाबत आणि सोडत बसलो होतो. (हे केसरला सांगू नका.) नमुना म्हणून तिन्ही वड्या त्यांनी मला फुकट दिल्या आणि मी त्या आनंदात घरातलं सोडण आणि घोसाळ्याची शेवटची जाळी चुलीत घातली. मुरुडातली पहिली आधुनिक खाणावळ आपली, असं काहीसं मी मोठ्यानं बोललोही असेन.

आता अशा माणसाचा पाहुणचार करायला नको का? दिनानाथांना घोसाळ्याची भजी खायची इच्छा झाली. मी वेलाखाली गेलो तर सगळा वेल रिकामा, फक्त मधोमध हातभर लांबीचं, मांडीएवढं जाड एकच घोसाळं, आणि त्याला तांबडं फडकं. मला वाटलं, ज्याची दृष्ट काढावी लागते ते सगळ्यात उत्तम असणार. विळी जरा अडली, तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण मी विळीला दोष दिला, तिला धार लावली आणि पुन्हा बसलो. भजी रंगानं सुरेख झाली. दिनानाथांनी पहिलं भजं तोंडात घातलं आणि चावायला लागले. ते चावतच राहिले. कपाळावर घाम आला, मान हलली, डोळे मोठे झाले, पण सभ्य माणूस, थुंकेना. शेवटी त्यांनी दोन बोटांनी दातांतून एक धागा धरला आणि ओढायला सुरुवात केली, तर धाग्यामागून धागा, आणि सरतेशेवटी चांगली सुपारीएवढी जाळीच बाहेर आली. साऱ्या मुंबईला स्पंज विकणाऱ्या माणसाचे दात माझ्या खाणावळीत घोसाळ्यानं घासून निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते गेले. बिया तेलात करपल्या होत्या, त्या मी राखेत टाकल्या. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला केसर परत आली तेव्हा. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "काय वो, बियाण्याचं घोसाळं कसं हाय?"

मामी, खरं सांगतो, मी त्या क्षणी अंगणातल्या दगडासारखा गार पडलो. ते बी तुमच्या आजीपासून चालत आलंय हे केसर मला दरसाल सांगते. तिच्या माहेरची मुरुडात असलेली एकच जिवंत वस्तू, आणि ती मी बेसनात बुडवली! तिला दुखवायचं धैर्य मला झालं नाही. मी म्हटलं, छान आहे, आणि धावत बाजारात जाऊन एक घोसाळं आणलं, ते सुतळीनं वेलाला टांगलं आणि फडकं बांधलं. आता केसर भांडी घासायला त्या दगडावर बसली की वर बघणार, आणि वर बघितलं की सुतळी दिसणार. म्हणून त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की आजपासून भांडी मी घासणार, तुझी कंबर दुखते. तिची कंबर दुखत नव्हती. पण ती पदरानं तोंड पुसून आत गेली. मला वाटलं, गहिवरली असेल.

भांडी घासायला लागलो आणि आधुनिकपणाचा हिशेब उघडला. गुलाबी स्पंज गरम तव्याला लागला तो तव्याचाच झाला. वितळून असा चिकटला की शेवटी उलथन्यानं खरवडावा लागला, आणि तीन दिवस भाकरीला मोटारीच्या टायरचा वास होता. हिरव्यानं बांगड्याची कढई घासली. त्यानंतर तो धुतला, उकळला, उन्हात घातला, तरी बांगडा सोडेना, आणि चौथ्या दिवशी मांजरीनं तो तोंडात धरून माडावर नेला. अजून माडाखाली हिरवा चुरा पडतो. पिवळा तेवढा उरला. त्यालाही वास लागला तेव्हा मी तो चुलीत घालून पाहिला, तर असा काळा धूर झाला की जेवणारे ताटं घेऊन रस्त्यावर. मग अर्धवट जळका स्पंज नेऊन समुद्रात टाकला. संध्याकाळी भरतीबरोबर सोनूबाई कोळीण दारात हजर, हातात तो. "घ्या भाऊ, तुमचा पिवला पाव. समिंदरालापन नको हाय." केसरचं सोडण झिजलं की चुलीत जायचं, चुलीची राख व्हायची, त्या राखेनं पुन्हा भांडी निघायची, आणि कुणाला काही परत आणून द्यावं लागायचं नाही. हे मला आता चाळिशीच्या उंबरठ्यावर, उकिडवं बसून, हातांची सालं निघाल्यावर कळतं आहे. सध्या मी राख आणि सोडणच वापरतो. (तवा कसा चकाकतो, एकदा येऊन बघा.) लग्नाच्या वेळी तुमच्याकडे मामांना भांडी घासताना पाहून मी मनातल्या मनात हसलो होतो, त्याची आज क्षमा मागतो. तेव्हा मी कारण विचारलं, तर मामांनी वेलाच्या मांडवाकडे एकदा बघितलं आणि पुढची कढई घासायला घेतली.

पण खरी पंचाईत वर टांगलेल्या घोसाळ्याची. तोडलेलं घोसाळं चार दिवसांत मऊ पडतं, म्हणून दर बाजाराला नवं टांगावं लागतं. बाजारात मिळेल ते घ्यायचं, त्यामुळे वेलावरचं घोसाळं कधी वीतभर वाढतं, कधी वीतभर घटतं. एकदा केसर मागच्या दारातून म्हणाली, यंदा घोसाळं वाढायचं सोडून लहान कसं होतंय? मी म्हटलं, थंडीनं आक्रसलं असेल. गेल्या आठवड्यात बाजारात घोसाळी आलीच नाहीत, तेव्हा नाइलाजानं शिराळं टांगलं. केसरनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, याला शिरा कशा आल्या? मी म्हटलं, वय झालं की येतात. ती लगेच आत गेली. तिला काही कळलं नसावं असं वाटतं, पण आता मुदत जवळ आली आहे. चंपाषष्ठीला ती घोसाळं उतरवून बी काढणार आहे, आणि फडक्याखाली तिला काय सापडणार, या विचारानं मला जेवण जात नाही. तिला माझा राग आला तर मी सोसेन, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर मला मुरुड सोडावं लागेल. असो. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यानंतरही राहावा.

तुमचा जावई,
तुळशीराम

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्या वेलावरचं एक वाळलेलं घोसाळं, बियांसकट, चंपाषष्ठीच्या आत पाठवावं. वरून सुक्या जवळ्याची पिशवी ठेवावी, म्हणजे कुणी उघडून बघणार नाही. (मांजर बघेल, पण ती आता माझ्या बाजूची आहे.)

ता. क. दुसरं. हे पत्र टपालानं पाठवत नाही, कारण पोस्टातल्या बाई केसरच्या मैत्रीण. पाकीट भाताच्या खळीनं चिकटवून दिघीच्या तरीवर होडी चालवणाऱ्या कोंडाजीच्या हाती देतो आहे. अत्यंत विश्वासू माणूस.

ता. क. तिसरं. आई, इथून पुढे मी केसर लिहिते. कोंडाजी विश्वासू आहे हे खरं, म्हणून तर पत्र त्यानं आधी मला आणून दिलं. खळ अजून ओली होती. तू काही पाठवू नकोस. बियाण्याचं घोसाळं मागच्या कौलांवर पानांत होतं, बिनफडक्याचं. परवाच उतरवलं. जाळीचे तीन तुकडे झाले, बी राखेत घालून डब्यात ठेवलंय. फडकं मी यांच्यासाठीच बांधलं होतं, म्हणजे तोडलंच तर तेच तोडतील आणि बियाण्याचं वाचेल, तू बाबांसाठी बांधायचीस तसं. शिराळं बघून मला पदर तोंडात कोंबून आत पळावं लागलं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर मुरुड सोडतील, हे वाचलं तेव्हा मात्र ते आलंच. माणूस फार चांगला आहे गं. भांडीही छान घासतात, म्हणून चंपाषष्ठीची मुदत मी संक्रांतीपर्यंत वाढवणार आहे. आणि हे पत्र बाबांच्या हाती खरंच देऊ नकोस. मी रांगत होते तेव्हापासून ते तुझी भांडी घासताहेत, आणि तुला अजून काही कळलेलं नाही असं त्यांना वाटतंय.