खोली शून्य

४ मार्च

पोहोचलो एकदाच्या! सामानाचे दोन डाग मागे राहिले. ताईच्या म्हणण्याप्रमाणे तिची हाडंही बसमध्येच राहिली, पण घर पाहिल्यावर ती सगळं विसरली. दोन प्रशस्त खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर आणि खिडकी उघडली की डोंगरच डोंगर, शेवटच्या रांगेवर बर्फ. ताई म्हणाली, इतकं मोठं काहीतरी रोज समोर असलं तर माणसाला भांडायचीसुद्धा लाज वाटेल. मी म्हटलं, बघू किती दिवस टिकते ही लाज.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून लेकीकडे राहत होती. लेकीनं तिला जा असं कधी म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही. माझी इकडे बदली झाल्याचं कळलं आणि तिनं बॅग भरली. गुडघा धड नाही, काठीवाचून पाऊल टाकवत नाही, आणि मला ऐकवते की तुझ्याकडे बघायला कोणीतरी नको का.

घराखाली दगडी तळघर आहे. ऑफिसनं हे घर भाड्यानं घेतलं ते त्या तळघरासाठी, आमची सोय हा निव्वळ योगायोग. कोपऱ्यात भूकंपमापक आधीच बसवलेला आहे. डबा म्हणावा एवढाच. हिरवा दिवा लागलेला. ताईनं त्याला ‘भाडेकरू’ असं नाव ठेवून टाकलं.

७ मार्च

ऑफिस म्हणजे बँकेच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मी, एक मोठा पडदा आणि एक हीटर. या डोंगररांगेच्या अलीकडे-पलीकडे असे तीसेक डबे पुरलेत. शाळेत, लाकूड कापायच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीजवळ, आमच्या तळघरात. जगात कुठेही भूकंप झाला की त्याच्या लाटा या डोंगराखालून जातात. कडक खडकातून भरभर, तापलेल्या मऊ खडकातून रेंगाळत. कुठल्या डब्यापाशी लाट किती उशिरा पोहोचली ते पाहायचं आणि डोंगराच्या पोटात काय आहे त्याचं चित्र काढायचं. ताईला समजावताना सांगितलं, डॉक्टर पोटावर बोट ठेवून टकटक करतो ना, तसंच. ती म्हणाली, मग डोंगराला एकदा विचारा तरी, दुखतंय का.

हे चित्र काढायची रीत माझी. वीस वर्षांपूर्वी मी बसवलेली. माझा विद्यार्थी ती घेऊन पुढे गेला आणि आज संस्थेचा संचालक आहे. मी मनात त्याला चिरंजीव म्हणते. तो मला अजून मॅडम म्हणतो. बदलीच्या कागदावर सही करतानाही मॅडमच म्हणाला.

१२ मार्च

आज खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. दुपारी पडद्यावर आमच्या घरच्या डब्याची रेघ बघत होते. एकदम एक ठोका. थोडं थांबून दोन. लहानपणी मी न्हाणीघरात रेंगाळले की ताई दारावर अगदी अस्सं ठोठावायची. घरी गेल्यावर कळलं, बाईसाहेब जिना उतरून तळघरात गेल्या होत्या आणि भाडेकरूशेजारी फरशीवर काठी आपटून मला जेवायला बोलावत होत्या. फोन कशाला झिजवायचा, म्हणाली.

आता रोजच. एक ठोका, मग दोन. मी पर्स उचलते. चिरंजीवांना गंमत म्हणून सांगितलं, तर हसले नाहीत. कधी ठोकलं ते माहीत असलेला ठोका हिशेबाला बरा पडतो, ताईंना चालू ठेवू द्या, म्हणाले. माझ्या बहिणीची काठी सरकारी कामाला लागली.

२० मार्च

बोलावणं आलं म्हणून घरी गेले तर ताई झोपलेली. भात अजून शिजायचा होता. म्हणाली, आज मी खाली गेलेच नाही.

ऑफिसात परत येऊन नोंद उघडली. ठोका फक्त आमच्या डब्यावर नव्हता, सगळ्या तीस डब्यांवर होता. एक, थांबून दोन. यंत्रानं जागा काढलीच होती. बरोबर आमच्या घराखाली. खोली: एकतीस किलोमीटर.

हे लिहितानाही वेडगळ वाटतंय. योगायोग असेल. छोटे धक्के कसेही येतात.

२५ मार्च

परत आला. अगदी तसाच, एक आणि दोन. खोली बावीस.

चिरंजीव हरखलेत. फोनवर आवाज चढला होता. त्यांचं म्हणणं, तापलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वर सरकतंय, त्याचेच हे धक्के. दरवेळी सारखा आकार, आणि जागा वर वर येणारी. डोंगराच्या मुळाखाली कोणीतरी दिवा धरून उभं राहावं, इतकं स्वच्छ चित्र मिळेल म्हणाले. आणि मग, यावर शोधलेख लिहू, त्यावर पहिलं नाव तुमचं, मॅडम.

वीस वर्षं हे वाक्य ऐकायला थांबले होते. ऐकलं तेव्हा, खरं सांगायचं तर, खालून कोण ठोकतंय हे क्षणभर विसरले.

२ एप्रिल

गिरणीवाले ऑफिसात आले. गंभीर, सभ्य गृहस्थ, टोपी हातात धरून उभे राहिले. त्यांनी सांगितलं की कामगार घरी गेल्यावर गिरणीच्या जमिनीखालून करवतीसारखा आवाज यायला लागला. यांच्याच करवतीसारखा, अडकत अडकत, कारण तिचा एक दात मोडलाय. म्हणून त्यांनी आमचा डबा उपटून रस्त्याकडेला ठेवला. त्या दिवसापासून खाली शांत आहे.

मी त्यांना पाण्याचं आणि भेगांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. निघताना म्हणाले, “बाई, तुम्ही ऐकताय हे त्याला कळलंय. तुम्हाला नाही कळलं अजून.”

दार लावून घेतलं आणि हीटर वाढवला. गिरणीत करवत ऐकू गेली, आमच्याकडे काठी. जिथे डबा आहे तिथलंच ते शिकतंय.

९ एप्रिल

खोली नऊ. आता ते पायांना कळतं. कपातल्या चहावर वर्तुळं उठतात, भिंतीवरची चौकट तिरकी होते.

घरचा डबा काढू द्या म्हणून चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, तोच तर सगळ्यांत शांत जागेतला, तोच काढलात तर उरलेल्या आकड्यांचं काय करू? लेख मेअखेरीस जातोय, तोवर कळ काढा. मी जोर धरला नाही. धरता आला असता. पहिलं नाव, पहिलं नाव, असं डोक्यात वाजत होतं.

१४ एप्रिल

ताईला बजावलं होतं, तळघरात पाऊल टाकायचं नाही. आज दुपारी पडद्यावर तिची काठी दिसली. तशीच घरी आले आणि भांडले. तिनंही ऐकून घेतलं नाही.

“मी सुरुवात करत नाही गं. आधी ते ठोकतं. कोणी दार वाजवलं तर काय गप्प बसायचं?”

मी म्हटलं, ते कोणी नाहीये, खडक आहे.

“असू दे. माझी लेक महिन्यातनं एकदा फोन करते, तोही गाडीत बसून. तू सकाळी जातेस ती जेवायला येतेस, आणि जेवतानाही पडद्याचंच बोलतेस. खाली निदान उत्तर तरी येतं.”

नंतर तीच हसली. पडद्यावरच्या रकान्यांत ‘खोली’ असं लिहिलेलं असतं हे मी तिला सांगितलं होतं. म्हणाली, बघ, तुझ्या यंत्रालासुद्धा माहितेय, तळाशी कोणाची तरी खोली आहे.

तळघराला कुलूप लावलं. किल्ली मी जवळ ठेवतेय.

१९ एप्रिल

खोली दोन. तळघराची भिंत ओलसर लागते, आणि कोमट.

ठरवलं. शुक्रवारी डबा काढणार. चिरंजीव काहीही म्हणोत. तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय, तेवढ्यात त्यांचे आकडेही पुरे होतील.

२२ एप्रिल

ताई नाही.

२३ एप्रिल

लिहायला हवं. नाहीतर उद्या म्हणतील मीच बनवलं.

काल भर दुपारी. ऑफिसात होते. रेघेवर एक ठोका, मग दोन. फक्त आमच्या डब्यावर, म्हणजे ताई. लगेच उत्तर आलं, सगळ्या डब्यांवर. रकान्यात आकडा उमटला. खोली: शून्य. त्यानंतर आमच्या डब्याची रेघ सपाट झाली. जमिनीची नेहमीची कुरकुर असते, तीही नाही.

धावत गेले. टेबलावर माझा चहा बशीनं झाकून ठेवलेला, अजून गरम. तळघराचं कुलूप तसंच होतं. कडीच लाकडातून उपसून निघाली होती. आतल्या बाजूनं ढकलल्यासारखी. खाली दिवा चालू. काठी फरशीवर आडवी. फरशीला तडा नाही, भोक नाही, एक दगड हललेला नाही. हात टेकवला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

भाडेकरूचा दिवा हिरवा.

२५ एप्रिल

पोलीस म्हणाले, वय झालेली माणसं जातात कुठेतरी, सापडतील. कुत्री आणली. कुत्री जिन्याच्या वरच बसून राहिली.

भाची आली. मला म्हणाली, मावशी, तू तिला इथे आणलंसच कशाला? मी म्हणू शकले असते, तुझ्या घरात तिला खुर्ची तरी होती का. म्हटलं नाही. संध्याकाळच्या बसनं गेली.

चिरंजीवांचा फोन. फार वाईट झालं म्हणाले. मग विचारलं, यंत्राला काही झालं नाही ना?

३० एप्रिल

आता डबा काढायला कोणाची हरकत नाही. आकडे मिळाले त्यांना. आता मलाच काढवत नाही. ताईनं काठी— काठी नाही, मूठ का असेना, आपटली तर ती फक्त तिथेच दिसेल. दुसरी कुठलीच जागा नाही.

रोज दुपारी तळघरात जाते. गुडघे टेकून, फरशीला तोंड लावून हाक मारते. ताई, ताई. दहादा, वीसदा, घसा बसेपर्यंत. मग कान लावते.

काही नाही.

५ मे

लेख पाठवला त्यांनी, मेअखेरीची वाट न बघता. चित्र सुंदर आलंय. डोंगराचं मूळ, त्यातून वर येणारी एक लाल नळी, थेट आमच्या घरापर्यंत. पहिलं नाव चिरंजीवांचं. दुसरं, तिसरं, पाचवं— माझं नाही. शेवटी आभारात. ‘क्षेत्रीय सहकार्याबद्दल.’

चिडायला गेले. जमलं नाही. त्या लाल नळीच्या टोकाला ताई भात लावत होती.

८ मे

परत सुरू झालं. ठोके नाहीत. पावलं. लंगडत. घरापासून शाळेकडे, शाळेकडून टाकीकडे. गिरणीकडे नाही.

शोधतंय. की शोधतेय? ताई असेल तर?

ताई असेल तर मी पळून कशी जाऊ.

९ मे

खोली आता मीटरमध्ये बघते. काल वजा एक. वजा म्हणजे जमिनीच्या वर.

चिरंजीव म्हणतात हिशेब चुकला. माझीच रीत आहे. चुकत नाही.

१० मे

दुपार. ऊन आहे. खाली बँकेत माणसं रांगेत उभी आहेत, कोणी मान वर करत नाही—

पडद्यावर रस्त्याचं टोक. मग कोपरा. मग ही इमारत.

वजा दोन. वजा तीन. जिना—

फोन. चिरंजीव. यंत्रं बंद नाही ना केलीत, मॅडम? नाही. सगळी चालू आहेत. नोंद फार स्वच्छ येतेय, म्हणाले. आजवर इतकी स्वच्छ—

ठेवला.

दाराखालून ऊब येतेय. उभं आहे. ताई असेल तर बोलेल. ताईला गप्प राहवत नाही, ती काहीतरी बोलेलच, गुडघ्याबद्दल, जिन्याबद्दल—

बोललं.

‘ताई’ म्हणालं. फरशीला तोंड लावून म्हणावं तसं. घसा बसलेला. परत, ‘ताई’. दहादा. आवाज तिचा नाही, आवाज मा—