आईचा टॅब शेवटच्या रांगेत

४ जून, बुधवार

परत तेच! सकाळपासून आईला आंघोळ घातली, वेणी घातली, गुडघ्यांना तेल चोळलं — तोंडातून चकार शब्द नाही. एकच वाक्य : "चहा गार आहे." आणि टॅबवर धाकटीचं तोंड दिसलं मात्र, बाई फुलली! "किती गं वाळलीस! जेवतेस ना वेळेवर?" मी तिथेच उभी, हातात तिचे ओले कपडे. मी वाळले काय नि सुजले काय, विचारतंय कोण?

धाकटी परदेशातून लाडेलाडे म्हणते, "आई, ताईला त्रास नको हं देऊ." वा! एक आठवडा येऊन कर म्हणावं, मग बोल.

७ जून, शनिवार

घरून काम करणाऱ्यांना ऑफिसने वायफायचा नवा ॲक्सेस पॉइंट दिलाय, घरभर नेट पुरवणारा डबा. हॉलमध्ये भिंतीवर लावला. दिवसभर लोकांच्या कंपन्यांना मी हेच तर करून देते — नेटवर कुणाचं आधी सोडायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं. चार रांगा असतात. पहिलीत बोलणं, दुसरीत व्हिडिओ, तिसरीत बाकी सगळं. आणि चौथीत, ज्याची कुणालाच घाई नाही ते. पुढच्या रांगा मोकळ्या झाल्या तर त्याचा नंबर, नाहीतर बस बोंबलत.

ऑफिसचे नियम भरून झाले. मग आणखी एक नियम लिहिला : आईचा टॅब, व्हिडिओ, जाणारा-येणारा दोन्ही — चौथी रांग. वर वेगाला लगाम. माझ्या लॅपटॉपवर एक भलीमोठी फाइल उतरवायला लावली आणि आईच्या खोलीत जाऊन मजा बघत उभी राहिले.

धाकटी अडकली! एक डोळा मिटलेला, तोंड उघडं — अगदी मेलेला मासा. आई घाबरली. "हिला काय झालं गं?"

"काही नाही. तुझी लाडकी दिसतेच तशी."

किती दिवसांनी पोट धरून हसले. एकटीच, स्वयंपाकघरात.

१० जून, मंगळवार

आजही कॉल सारखा अडकत होता. जेवण मस्त गेलं.

१३ जून, शुक्रवार

धाकटीने माझ्या मोबाइलवर फोन केला. "ताई, नेटचं बघ ना जरा. तू तर त्यातलीच."

"बघते हं. कंपनीचाच घोळ दिसतोय."

बघितलं! बोलणंही टाकलं चौथीत. आता आवाज येतो तो विहिरीतून आल्यासारखा, निम्मे शब्द गिळून.

संध्याकाळी आई म्हणाली, "ती हल्ली नीट बोलत नाही का गं माझ्याशी?"

"कंटाळली असेल. रोज रोज तेच काय बोलणार तुझ्याशी?"

आईने टॅब उलटा करून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून बसली. क्षणभर कसंसंच झालं मला. खोटं कशाला लिहू? तेवढ्यात म्हणाली, चहा गार आहे. संपलं!

१६ जून, सोमवार

आई मला दोनदा "ये, बस" म्हणाली. लाडकी भेटत नाही तर आता मी! काम आहे म्हटलं.

१९ जून, गुरुवार

सकाळी कप पाडला. धुतलेल्या चादरीवर! "लहान मूल आहेस का? धरता येत नाही?" — चांगली झापली. काहीतरी पुटपुटली, एक अक्षर कळलं नाही. आता आमच्याशी नीट बोलायचंही नाही. तेव्हापासून तोंड वाकडं करून बसलीय. बस म्हणावं! दुपारचं ताट ठेवलं नि वळले. बघायचंच नाही तिच्याकडे. माझी नाटकं कोणी कधी बघितली?

भात निम्मा ओच्यात सांडलेला. मुद्दाम.

२० जून, शुक्रवार

धाकटीचा फोन. आवाज रडवेला. "ताई, काल काय नि आज काय, आईचं बोलणं कळतच नाही. जीभ जड झाल्यासारखे शब्द येतात. चित्रही अर्धंच हलतं, अर्धं तसंच."

"नेट गं, दुसरं काय! आई ठणठणीत आहे."

"नक्की ना?"

"मी इथे आहे की तू?"

मग तीच म्हणाली, "रोज नको करूया. तिलाही त्रास होतो. रविवारी करत जाईन फक्त."

रविवारी फक्त! फोन ठेवला आणि स्वतःसाठी चहा केला — कडक, गरमागरम. बाल्कनीत बसून सावकाश प्यायले.

२२ जून, रविवार

जिंकलेल्या माणसाने मन मोठं करावं. सकाळी दोन्ही नियम पुसून टाकले. कॉल लागला, मी दारात उभी.

"अय्या, आज किती स्वच्छ!" धाकटी हसत होती. मग हसायची थांबली. "आई, हस बघू. ...परत हस. हात वर कर. दोन्ही, आई, दोन्ही!" आणि किंचाळली — "ताई! नेट तर चांगलंय. मग हिचा डावा गाल का हलत नाहीये?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून?

"आज सकाळपासून," मी म्हटलं.