गोडाची भीती

१४ एप्रिल १९८९, देवपूर
ऑपरेशनला महिना झाला. अल्सरपायी निम्मं पोट काढलं. उरलेल्या निम्म्याला काय चालतं ते माझं मीच शोधायचं. जळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी: थोडं थोडं, सहा वेळा, तिखट बंद.
भाऊनं नशिराबादहून केळी पाठवली. सकाळी वाटीभर शिकरण घेतलं. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मोरीत भिंत धरून बसले. वाटलं, संपलं सगळं. अर्ध्या तासानं आपोआप थांबलं. यांना सांगितलं नाही.

१६ एप्रिल
सासूबाईंनी, अक्कांनी, तुपातला शिरा केला. "तिखटानीच तुन्हं पोट जळनं. आते गोड खाय, पोटले गार शे." अक्कांचा जीव आहे माझ्यावर, पण त्यांच्या हातातली वाटी दिसली की हल्ली माझे हातपाय गार पडतात. शिऱ्यावरही तेच. घाम, धडधड, अंधारी. यापुढे नुसतं घा. ध. अं. लिहीन, सगळं लिहायचीही भीती वाटते.
आत टाके उसवले असतील का?

१९ एप्रिल
वरण-भात, मऊ: काही नाही. दुपारी साखर घालून दूध: घा. ध. अं. मग संध्याकाळी खाल्लंच नाही. वजन एक्केचाळीस. शाळेत पाढे घेताना जो आवाज लागायचा, तो आता...

२३ एप्रिल
आमच्या शैलाला बघून गेलेले सोनगीरचे पाहुणे पुन्हा आले. पसंती आहे! मुलाच्या आईनं मला न्याहाळलं. "इतल्या वाळनात कशा? ऑपरेशन कसानं?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, अपेंडिक्सचं. खरं सांगितलं तर लोक कॅन्सरची गाठच समजणार. आईला गाठ म्हणजे उद्या लेकीलाही, असं बोलणार. स्थळ गेलंच.
आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांना तिकडे जेवायला बोलावलंय. मांडे, आमरस. सुपारी त्याच दिवशी फोडायची.
आणि खरं सांगू, मलाही आता वाटतं गाठच असेल. डॉक्टर लपवत असतील.

२८ एप्रिल
अक्का देवळात, शैला मैत्रिणीकडे. भूक अशी की रडू आलं. फडक्यातली ज्वारीची चतकोर भाकरी घेतली आणि बोटभर ठेचा. म्हटलं, मरायचंच तर शिकरण खाऊन कशाला मरू, खान्देशची बाई आहे मी! घड्याळासमोर बसले. वीस मिनिटं. अर्धा तास. तास.
काही नाही. जरा चुरचुरलं, बस.

३० एप्रिल
काल भाकरी: काही नाही. आज मुगाची उसळ-भाकरी: काही नाही. दुपारी मुद्दाम शिरा, चार चमचे: घा. ध.
मागची पानं चाळली. शिकरण, शिरा, साखरेचं दूध. सगळं गोड! महिनाभर लाडानं जे भरवलं तेच मला...
अक्कांना सांगितलं तर हसल्या. "येडी का काय व माय! गोड कधी बाधस का कोनले?"
डॉक्टरांना कार्ड टाकलं. आखाजी आठ दिवसांवर.

६ मे
उत्तर नाही. हे म्हणतात, "दोन घास खायचे, वेळ मारून न्यायची." ज्याचं जळतं त्याला कळतं. शैला नव्या साडीला फॉल लावत बसलीय. तिच्याकडे बघवत नाही.

८ मे, आखाजी
सोनगीरहून आत्ताच आलो. विहीणबाईंनी स्वतः रसाची वाटी माझ्या तोंडाला लावली. "तोंड गोड करा." सगळी पंगत बघत होती. शैलाही. प्यायले, तळापर्यंत.
सुपारीला सगळे बसले आणि मी मागच्या दारी पळाले. निंबाखाली बसकण मारली. घा. ध. अं. डोळे उघडले तर समोर विहीणबाई, पदरानं वारा घालत.
"हाई अपेंडिक्स नही."
माझ्यानं खोटं बोलवेना. सांगितलं, अर्धं पोट काढलंय, अल्सर होता, गाठ नव्हती.
"मंग तुम्हीन गोड कशाले खादं?"
"तुम्ही भरवलंत म्हणून."
पदर खोचून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं मुलाचे वडील म्हणाले, सुपारी आज राहू द्या, कळवतो. बसमध्ये शैला खिडकीकडे तोंड करून बसली होती.

११ मे
डॉक्टरांचं कार्ड आज आलं. "गोड वर्ज्य. घाबरू नये, जिवाला धोका नाही." शैलानं दोनदा वाचलं. "आई, हे सोनगीरला दाखवलं तर?" हे म्हणाले, नको. कार्ड तिनं परत दिलं नाही.
तिकडून निरोप नाही.
दुपारी चतकोर भाकरी, उसळ. पचली. आता भाकरीची भीती नाही. चारला फाटक वाजलं. वाटलं, सोनगीरचा निरोप. दूधवाला होता.
घा. ध. अं.
गोडाचा कणही खाल्ला नव्हता.