मागचा बाक

६ ऑक्टोबर, रविवार

आज ट्रे माझ्यापुढून गेला. थांबला नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये इतकी शांतता असते की पंख्याची करकरही ऐकू येते. सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले — आणि तरी सगळ्यांना दिसलं! कामरेजच्या आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये काही लपत नाही.

मी मंडळीच्या शिस्तीखाली आहे. म्हणजे चर्चला यायचं, पण मागच्या बाकावर बसायचं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही. आणि इतकी वर्षं ती भाकर मी करत आले, ती आता करायची नाही. गुन्हा काय? पोटच्या मुलीच्या लग्नाला गेले. आमच्या चैतालीनं कोसाडच्या लखनशी लग्न केलं. ते लोक हिंदू. मंडपात भटजी, आणि माझ्या हातात अक्षता. फोटोच आहे ना! फोटो काढला कोणी? आमच्या यांनी. स्टेटसला लावला कोणी? यांनीच. "आनंदी, किती छान दिसतेस तू यात!" फोटोत मी आहे, हे नाहीत. म्हणून हे अजून पुरुषांच्या पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं आमेन म्हणतात.

आजची भाकर जयश्रीबाईंनी केली होती, आमच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं. इतकी कडक, की त्या पवित्र शांततेत सगळ्या बाकांवरून कडकड ऐकू येत होती. मला हसू आलं. मग रडू आलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

नवापूरला लहान होते तेव्हापासून रविवार मला आवडतो. इथंही तसंच. आदल्या दिवशीच साड्यांना इस्त्री. घंटेचा पहिला ठोका पडला की केसांना तेल, दुसऱ्याला धावपळ. दाराबाहेर चपलांचा ढीग. पेटीचा भाता एका बाजूनं फाटलेला, म्हणून प्रत्येक गीताच्या सुरुवातीला एक उसासा. आणि सगळं झाल्यावर बदामाच्या झाडाखाली चहा. चौकातल्या लारीवरचं गरम खमण, वर तळलेली मिरची. कोणाची सून, कोणाची नोकरी, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्या झाडाखाली कळतं.

मी त्या झाडाखाली आजही होते. चहा मिळाला. सुषमानं स्वतः आणून दिला आणि खांद्यावर हात ठेवला — "प्रार्थनेत आठवते हं मी तुला." आठवू नकोस बाई! नेहमीसारखी माझ्या साडीला नावं ठेव, तेवढं पुरे.

२० ऑक्टोबर, रविवार

ताप आहे सांगून गेले नाही. ताप नव्हता. हे एकटे गेले, आणि येताना माझ्यासाठी खमण घेऊन आले! जसं काही मी खमणासाठीच जाते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

चैतालीच्या सासूचा, सरलाबाईंचा फोन. बाई मोठ्या मनाची. "याहीनबाई, पोरनी पहिली दिवाळी से. दोन्हीसले माहेर धाडस मी."

आमच्याकडे दिवाळी नसते, हे ओठांवर आलं होतं. पण त्यांचा आवाज इतका आनंदी होता! त्यांच्या रीतीनं पहिली दिवाळी माहेरीच. मी नाही म्हटलं असतं तर पोरीनं कोणतं तोंड दाखवलं असतं? "पाठवा," म्हणाले.

आता करंज्या तळायच्या. वास जाणार. शेजारी मंडळीतलेच. विचारलं तर सांगेन, नाताळचा सराव करतेय.

२ नोव्हेंबर, शनिवार

दोघं आली. घर भरलं. लखन सचिन गावातल्या कपडे रंगवायच्या मिलमध्ये आहे, नखांत कायम रंग. आज गुलाबी होता. करंजी उचलताना लाजला — "मम्मी, हात स्वच्छ आहेत, हे जात नाही." मला मम्मी म्हणतो. यांना मात्र अंकल! बरं झालं.

चैतालीला लाल-पिवळी बांधणीची ओढणी घेतली होती. तिनं लगेच अंगावर टाकली आणि आरशापुढून हलेना.

जेवताना लखन म्हणाला, "मम्मी, उद्या मी येऊ का चर्चला? चैताली म्हणते तुम्ही लई भारी गाता." मी घाईघाईनं म्हणाले, "नको, नको. पुढच्या वेळी." हे ताटात बघत राहिले. लखनला काही समजलं नाही. चैतालीला सगळं समजलं.

भांडी घासताना तीच म्हणाली, "मम्मी, भोजनाच्या रविवारी तू एकटी मागं बसतेस ना? एकदा मी येते. तुझ्या बाजूला बसते. दोघींना नाही देणार, मग काय होतंय?"

मी म्हटलं, "तू आधी संसार बघ." पण खूप बरं वाटलं. हातातलं पातेलं उगाचच पुन्हा घासलं.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पोरांना लवकर बसमध्ये बसवून दिलं. घंटेच्या आधी. कोणी बघायच्या आधी. असं करणारी आई मी!

मग चर्चला गेले. मागच्या बाकावर माझ्याशिवाय एक कलाबाई असतात. त्यांना शिस्त-बिस्त नाही. गुडघे दुखतात, पुढपर्यंत चालवत नाही, म्हणून मागं. ट्रे आला. त्यांनी आपला तुकडा घेतला, अर्धा मोडला आणि पदराखालून माझ्या हातात सरकवला. "खाय. देव काय मोजत नही."

मी परत दिला. चोरून कशाला? मला हक्कानं हवंय. त्या भाकरीचं पीठ कसं मळायचं, तव्यावर ती फुगू लागली की कशी दाबायची, हे जयश्रीबाईंना शिकवायला मी तयार आहे. पण मागच्या बाकावरून शिकवता येत नाही.

कलाबाईंनी तो अर्धा तुकडा खाल्ला नाही. रुमालात बांधला.

१७ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. भूपेंद्रभाई माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. चहा घेतला, यांची साखर विचारली, मग मुद्द्यावर आले.

"आनंदीबेन, नाताळ येतोय ने. भगिनी मंडळ तुमच्या वगर गाणार कसं? मंडळीपुढे उभं राहायचं, बे शब्द बोलायचे. बस."

कोणते दोन शब्द? "लग्नाला गेले ही माझी चूक. मुलीशी यापुढे संबंध ठेवणार नाही."

मी रिकामे कप उचलायला लागले. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "ठेवायचा तो ठेवा ने! घरमां कोण बघायला येतं? फक्त बोलायचं."

ते गेल्यावर मी यांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" हे म्हणाले, "बोलून टाक. शब्दच आहेत." शब्द! ज्या घरात रोज जेवणाआधी शब्दांनी देवाचे आभार मानतात, त्या घरातला हा माणूस.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नाही बोलणार. मेले तरी नाही!

२४ नोव्हेंबर, रविवार

आज बायकांनी नाताळच्या गीतांचा सराव केला. मी चपला घालायच्या निमित्तानं दाराशी रेंगाळले. वरच्या सुरात सगळ्या चिरकत होत्या. तो सूर माझा आहे. मी नसले की तो कोणालाच पेलत नाही. जयश्रीबाईंनी मला पाहिलं आणि हसल्या. चांगुलपणानं हसल्या, तेच सहन होईना.

घरी येऊन डाळ शिजत लावली आणि ते दोन शब्द म्हणून पाहिले. पहिल्यांदा जीभ अडकली. नंतर अडकली नाही.

चैताली कोसाडला. इथलं तिथं कोण सांगायला जातंय? तिला कळणारच नाही. तिच्याशी मी रोज फोनवर बोलते, तशीच बोलत राहीन. करंज्या करीन. देवाला आतलं दिसतं, मंडळीला बाहेरचं. दोघांना दोन वेगळं दाखवलं तर बिघडलं कुठं?

१ डिसेंबर, रविवार

झालं.

मोतिया साडी नेसले. पाळकसाहेबांनी मला आधी बाजूच्या खोलीत बसवलं होतं, उपदेशानंतर नाव घेतलं. पुढं जाऊन उभी राहिले. समोर कोणाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून खिडकीबाहेरच्या बदामाकडे बघत बोलले. "चैतालीच्या लग्नाला गेले ही माझी चूक झाली. तिच्याशी आणि त्या घराशी यापुढे माझा काही संबंध नाही. मंडळीनं क्षमा करावी." आवाज खणखणीत निघाला. गाणाऱ्या बाईचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचतोच. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यात मोठं आमेन यांचं. मागचं दार धाडकन आपटलं. त्याची कडी कधीची ढिली आहे, कोणी लक्ष देत नाही.

सुषमानं सरकून पहिल्या बाकावर जागा केली. ट्रे आला आणि थांबला! भाकर नेहमीसारखीच कडक. मी ती चावली नाही. जिभेवर ठेवून मऊ होऊ दिली. रडले. सगळ्यांना वाटलं पश्चात्तापाचं रडू आहे. मला सुख वाटत होतं. लाजेपेक्षा जास्त. हे इथं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहू?

बदामाखाली चहा घेतला. जयश्रीबाई म्हणाल्या, "नाताळची भाकर आता तुम्हीच करा, माझी सुटका झाली!" सुषमा म्हणाली, "ही मोतिया साडी तुला मुळीच शोभत नाही." इतकं बरं वाटलं!

घरी येऊन चैतालीला फोन लावला. उचलला नाही. रविवार आहे, गेली असतील दोघं फिरायला.

२ डिसेंबर, सोमवार

भाजीच्या लारीवर कलाबाई भेटल्या. पिशवीतून ओढणी काढून दिली. लाल-पिवळी, बांधणीची.

"तुनी चैताली वनी व्हती काल. मना जोडे बठनी. ही ओढणी बाजूले आथरी ठेयी, मना मायसाठे जागा धरी ठेवस म्हने. तू पुढं बोलाले लागनी तशी उठीसन चालनी गयी. ओढणी तठेच भुली गयी."