ह्यांची दाढी राहिलीय

२ डिसेंबर

सलूनवाले भाऊजींना,

तुमच्या जुन्या शेजारणीचा नमस्कार. घरी सगळे बरे असतील. आम्हीही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

आमची नवी वसाहत तुम्ही पाहिली नाहीत. नाक मुरडायला जागा नाही हो! छपरांवर सौर पट्ट्या, पावसाचं पाणी मुरवायला खड्डे, सायकलींना वेगळी वाट. सून म्हणते, "आई, पुढच्या शंभर वर्षांचा विचार केलाय." म्हटलं, "आजच्या संध्याकाळचाही करायचा होता की गं!" घराखाली एक दुकान नाही. मिठाच्या पुडीला गाडी काढायची. दारात बसलेलं माणूस तर औषधालाही सापडत नाही.

जुन्या गल्लीत ह्यांना काही आठवेनासं झालं, तरी मी बिनघोर होते. हे भरकटले की शिंपी हाक मारायचा, इस्त्रीवाली हात धरायची, आणि तुम्ही खुर्चीत बसवून ओरडायचात, "वहिनी, मास्तर आमच्याकडे जमा आहेत!" मला वाटायचं, मीच सांभाळतेय ह्यांना.

भाऊजी, हे परवा सकाळी घराबाहेर पडले. पहारेकऱ्यानं सलाम ठोकून फाटक उघडलं. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. हे ज्याला त्याला थांबवून काहीतरी विचारताहेत आणि माणसं हसून, मान हलवून पुढं जाताहेत. वाईट कुणीच वागलं नाही हो. पण ह्यांचं घर कुठलं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. एका बाईनं पोलिसांना सांगितलं, आजोबा सलून कुठंय विचारत होते.

अजून सापडले नाहीत. मुलगा इस्पितळं पालथी घालतोय. काल आपल्या गल्लीकडेही गाडीतून चक्कर मारून आला. मी मेली दारात बसलेय, परत आले तर घरात कुणी हवं ना. तुम्हाला फोन लावला होता, पण तुमचा 'हॅलो' ऐकला आणि ठेवून दिला. म्हणून सुनेच्या हाती हे पत्र.

गल्ली पाडून रस्ता झाला, तुमचं दुकान गेलं, हे ह्यांना रोज सांगूनही पटलं नाही. पाय तिकडेच वळतील. तुमची एक खुर्ची नेऊन त्या रस्त्याच्या कडेला मांडाल का? लोक वेड्यात काढतील, काढू देत.

आले, तर 'हरवला होतात' म्हणू नका. मी रडतेय हेही नको, घाबरतात. आधी दाढी करा, अगदी सावकाश. मी पोचेपर्यंत खुर्चीतून उठू देऊ नका.

दारात बसलेली,
तुमची वहिनी