गाडीत लागलेलं गाणं

रविवार, संध्याकाळ. शिकागो.

डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून किराणा घेऊन निघालो. काकांनी गाडी सुरू केली, माझा फोन आपोआप जोडला गेला आणि माझा कंट्री, म्हणजे इथल्या गावाकडच्या गाण्यांचा, अल्बम लागला. मी तो एकटाच, चोरून ऐकतो. नेमकं तेच गाणं! त्यातला बाप फोनवर मुलाला ट्रकचं ऑइल बदललंस का, एवढंच विचारतो आणि लगेच फोन आईकडे देतो. आठवण येते, असं अख्ख्या अल्बममध्ये कुणी म्हणत नाही. म्हणूनच भिडतो का? मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून बाबाही नागपूरहून एवढंच बोलतात, "जेवलास? घे, आईशी बोल."

मागून काकांची मुलगी रिया ओरडली, "ओ माय गॉड, दादा, ट्रक म्युझिक? सीरियसली?"

मी घाईघाईने बंद केलं. वर हसून म्हणालो, "चुकून लागलं गं. कसली गावठी गाणी!"

सिग्नलला काका म्हणाले, "बंद का केलंस रे? तुझे आजोबा अगदी त्या गाण्यातल्या बापासारखेच होते. मी इथून फोन केला की लगेच, घे, आईशी बोल. लाव ना परत."

फोन माझ्या हातातच होता. गाणं समोर दिसत होतं. रिया बघत होती.

"सापडत नाहीये, काका."

"बरं," म्हणाले. सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे काढली.

दुसऱ्यांदा का खोटं बोललो? एका पोरीच्या हसण्याला भिऊन?

आत्ता ते खाली भांडी विसळताहेत आणि तीच चाल गुणगुणताहेत. अर्ध्यावर येऊन थांबतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पुढची चाल त्यांना माहीत नाही. मी वर बसून ऐकतोय.