सहकुटुंब सायकल-टूर, मूर्तिजापूरपर्यंत

१७ जानेवारी १९३७, रविवार. अमरावती.
निश्चय झाला. येत्या शुक्रवारी मी आणि शकुन सायकलवर अकोल्याला निघणार. वऱ्हाडात नवरा-बायकोने अशी टूर केल्याचं ऐकिवात नाही. सायकल-दुकानवाले उत्तमराव म्हणाले, पोचलात की पेपरात छापून आणतो. अकोला ही नुसती रंगीत तालीम. पुढे नागपूर. मग काश्मीर.
जाता जाता शकुनचंही काम होईल. सोमवारी, पंचवीसला, सकाळी अकराला तिथल्या मुलींच्या शाळेत तिचा इंटरव्ह्यू आहे. मास्तरणीचं ट्रेनिंग पास झाल्यापासून ती याच दिवसाची वाट बघते आहे. मी परवानगी दिलीच. कापसाच्या जिनिंगमधल्या दुसऱ्या कुठल्या कारकुनाने दिली असती? जागा मिळाली तर तिला अकोल्यालाच राहावं लागेल. ते पुढचं पुढे. बहुधा मिळणार नाही.
ती म्हणाली, रेल्वेनं गेलं तं काय बिघडते? म्हटलं, रेल्वेने कोणीही जातं.

२० जानेवारी.
शकुन दोन सकाळींत सायकल शिकली. माझी शिकवण्याची पद्धतच तशी. शिकवताना मी पडलो, तेही पद्धतीतच. तिच्यासाठी उत्तमरावांची लेडीज सायकल भाड्याने घेतली. पंप माझ्या सायकलच्या दांडीला. नियम: पुढे मी. पहाटे जोर-बैठका. चहा बंद.

२१ जानेवारी.
चहा उद्यापासून बंद.

२२ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ. नांदगाव खंडेश्वर.
बडनेऱ्यापर्यंत झकास. तिथे चहा घेतला, शेवटचा. अकोल्याकडे जाणारी मूर्तिजापूरची सडक सोडून नांदगावला वळलो. शकुनचे मामा शालिकराम इथे मळा करतात. लग्नापासून जावई म्हणून माझा मान व्हायचा राहून गेला होता. शकुन म्हणाली, हा रस्ता आडवा होते, सोमवार कुठी दूर आहे? म्हटलं, टूरमध्ये स्टॅमिना हळूहळू वाढवायचा असतो.
गाडीवाटेच्या चाकोऱ्या भयंकर. सीटचा विषय लिहिण्यासारखा नाही. शकुन बराच वेळ पुढे होती. मी मुद्दाम मागे राहिलो, तिचं चाक नीट फिरतं की नाही बघायला.

२३ जानेवारी, शनिवार. नांदगावच.
पहाटे निघणार होतो. मामा म्हणाले, जावाई पहिल्यांदा आले, पुरणपोळी खाल्ल्याबिगर कसे जाता? नाही म्हणणं शोभलं नसतं. जेवणानंतर जरा लवंडलो तो उन्हं कलली. शकुन दिवसभर ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. लांबच्या टूरमध्ये एका जोडीदाराला असा मानसिक थकवा येतोच. समजावलं की उद्या एका दमात मूर्तिजापूर.

२४ जानेवारी, रविवार, दिवेलागण. मूर्तिजापूर.
हाडं खिळखिळी. निघताना मामींनी माझ्या कॅरिअरला वांग्यांची टोपली बांधली. म्हणाल्या, आमच्या मळ्यातून जावाई रिकाम्या हातानं जाते का कुठी? मामांनी कोहळं आणलं. वाटेत लोणीला त्यांचे साडू भेटले, त्यांनी संत्री दिली. जावयाचा मान काही हलका नसतो. त्यात समोरून वारा.
शकुनने दोनदा मागे येऊन विचारलं, थोडं वझं माह्याकडे देता का? साफ नाही म्हटलं. जावयाचा मान बायकोच्या सायकलवर लादायचा? पुढे बाभळीचा काटा माझ्याच चाकात घुसला. तिने काढला, ठिगळही तिनेच लावलं. मी वेळेकडे लक्ष ठेवलं.
मुक्काम तिच्या आत्याकडे, पार्बताबाईंकडे. गुडघा कोहळ्याएवढा झालाय. अकोला अजून पंचवीस-तीस मैल. शकुनला म्हटलं, उद्या अकरापर्यंत जमेलसं दिसत नाही, तुझ्या तब्येतीची काळजी वाटते. ती म्हणाली, मले काय झालं? तुमी थांबा इथंच, पहाटे निघा लागते मले.
एकटी! आणि पेपरात काय छापायचं?
पुढची सडक खडबडीत आहे म्हणे. अशा सडकेला चाक मऊ असलेलं बरं. म्हणून तिच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून जरा हवा सोडली. जरा जास्तच सुटली. सकाळी भरता येईल, पंप आहेच. व्हॉल्व्ह कुठे ठेवला ते मात्र आठवत नाही.

२५ जानेवारी, सोमवार, सकाळ.
उठलो तेव्हा तांबडं फुटलं होतं. शकुन अंगणात बसलेल्या चाकाला पंप मारत होती. व्हॉल्व्हच नाही, हवा राहणार कुठून? मी म्हणालो, देवाच्या मनात नाही. अकराच्या आत पोचवणारी रेल्वेगाडीही आता नाही. शाळा काय, पुन्हा निघेल जागा.
तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या सायकलकडे. टोपली सोडली, कोहळं सोडलं, थंडी होती म्हणून खुंटीवरचा माझा कोट अंगात घातला, काष्टा घट्ट खोचला आणि माझ्या सायकलवर टांग टाकली. नऊवारीत मर्दानी सायकल चालते, हे उत्तमरावांनी सांगितलं नव्हतं. आत्याने तिच्या हातावर दही ठेवलं. मी हाका मारत कोपऱ्यापर्यंत लंगडलो. तिने वळूनही पाहिलं नाही.
टूर चालूच आहे म्हणायची. अर्धं दांपत्य पुढे गेलंय.

तीच तारीख, दुपार.
व्हॉल्व्ह आणायला लेडीज सायकल ढकलत बाजारात गेलो. भाजीही सोबत. आत्या म्हणाली, वांगे माह्या घरी काहून ठेवता, आमचाच मळा आहे. सायकलवाला लग्नाला गेलेला. त्याच्या बंद दुकानापुढे उभा होतो तर एक बाई विचारते, वांगे कसे देले? म्हटलं, बाई, मी सायकलपटू आहे. म्हणाली, व्हय, पण वांगे कसे देले?
दिली. कोहळंही गेलं.
अकरा वाजून गेले. सडकेवर ती पडली असेल तर? कोणी अडवलं असेल तर? माझ्या चाकाचं ठिगळ टिकलं असेल का? जेवण गेलं नाही. चहाही नको वाटला. संध्याकाळच्या पॅसेंजरने निघतो. रेल्वेने.

२६ जानेवारी, मंगळवार. अकोला.
काल रात्री पोचलो. लेडीज सायकल गार्डच्या डब्यातून. शकुन शाळेच्या मोठ्या बाईंकडे उतरली होती. वेळेच्या आधीच पोचली होती. जागा तिला मिळाली. मला फार आनंद झाला असं मी म्हणालो. तिने विचारलं, जेवले का?
आज सकाळी तिने माझ्या तळहातावर व्हॉल्व्ह ठेवला. काल वाटेत बोरगावला तोंड पुसायला रुमाल शोधत होती, तेव्हा कोटाच्या खिशात सापडला. ओरडली नाही. म्हणाली, नाई म्हणाचं होतं तं तोंडानं म्हणाचं होतं नं.
मला भीती वाटत होती. ती इकडे आल्यावर अमरावतीच्या त्या घरात संध्याकाळी मी कोणाशी बोलणार? हे तिला सांगायला हवं होतं. मी काश्मीरच्या रस्त्यांबद्दल बोललो.
ती आता इथेच राहील. तिला शाळेत जायला माझी सायकल लागेल. उत्तमरावांची लेडीज सायकल परत करायला मी नेतो. पेपरचं काय सांगायचं ते गाडीत ठरवू. ती म्हणाली, बसवा तो व्हॉल्व्ह. बसवला. हवा तिने भरली, मी चाक धरलं. मग अंगठ्याने दाबून पाहिलं, चाक टणक होतं.
पंप तिने स्वतःकडे ठेवून घेतला.